चारशे डॉलरचं अंतर

मंगळवारी सकाळी, दुकानावर ज्याच्या नावाची पाटी होती त्या ऑगी परेरानं दुकानात सगळ्यांसमोर रसेल दूसेटच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला वर्षाला हजार डॉलरची पगारवाढ जाहीर केली. सोबत डोनटचा खोकाही आणला होता. नळ आणि पाइप विकणाऱ्या त्या पाच माणसांनी टाळ्या वाजवल्या. रसेल मात्र डोनटला हातही न लावता बायकोला फोन करायला धावला.

मॅसॅच्युसेट्समध्ये आजूबाजूचे लोक इतकं कमावतात, की नवराबायकोचं मिळून वर्षाला एक लाख दहा हजारांच्या आत येत असेल, तर सरकारदरबारी तुम्ही कमी उत्पन्नवाले. अशांसाठी गावातल्या नव्या इमारतीत निम्म्या किमतीचं एकच घर निघालं होतं आणि सोडतीत पहिला नंबर रसेलचा लागला होता. तळघरातल्या भाड्याच्या जागेत अकरा वर्षं काढलेल्या त्याच्या बायकोनं, मॉरीननं, पडदेसुद्धा आणून ठेवले होते. दोघांची कमाई होती एक लाख नऊ हजार सहाशे. कागद शुक्रवारी तपासणार होते.

"जा, आत्ताच्या आत्ता परत देऊन ये!" मॉरीन फोनवर किंचाळली.

"अगं, पगारवाढ आहे ती, शर्ट नाही परत द्यायला!"

तरी तो ऑगीच्या खोलीत गेला. "ऑगी, ते हजार डॉलर नकोत मला."

ऑगीचा चेहरा उतरला. "कमी वाटले ना? बरं, दोन हजार घे."

"अहो, नको!"

"तीन."

"आधी ऐका तरी माझं!"

"कळलं सगळं!" ऑगी उठून उभा राहिला. "समोरच्या दुकानवाल्यानं गळ टाकलाय तुला. बावीस वर्षं इथं काम केलेला माणूस असा सोडेन होय? पाच हजार! आणि आजपासून तू मॅनेजर!" त्यानं तिथल्या तिथे पत्र लिहून सही ठोकली.

लाज गुंडाळून ठेवून रसेलनं घराचं, सोडतीचं, पडद्यांचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे कमाई वाढली, की तुझं घर जाणार?"

"हो ना. दोन नंबरवाल्याला मिळणार. कोण मेला आहे देव जाणे, टपून बसला असेल शुक्रवारसाठी."

ऑगीनं ड्रॉवर उघडला आणि रसेलला आला होता तसाच सोडतीचा हिरवा कागद टेबलावर ठेवला. कागदावर दोनचा आकडा होता.

"तुम्ही? अहो, दुकान आहे तुमचं!"

"पाटी माझी, दुकान मेहुण्याचं. माझी नि बायकोची, एडनाची, कमाई मिळून अठ्ठ्याण्णव हजार. तुमच्यापेक्षा कमीच."

रसेलनं पगारवाढीचं पत्र फाडायला हळूच हात पुढे नेला. ऑगीनं पत्रावर आपला रुंद पंजा ठेवला.

"ऑगी, मॉरीननं पडदे आणलेत हो..."

"एडनानंही आणलेत," ऑगी म्हणाला. "आणि एकदा दिलेला शब्द मी फिरवत नसतो, रसेल. घे, डोनट घे."