टॅमरॅकचा ठराव

नाव ठरलं होतं. म्हणजे ऑरिनच्या मनात ठरलं होतं, आणि त्याच्या मनात एकदा काही ठरलं की ते तिथेच सुखानं नांदायचं, कारण बाहेर येऊन कुणाशी भांडायची त्याची कधीच तयारी नसे! येणाऱ्या बाळाचं नाव टॅमरॅक! दलदलीच्या कडेला उभं राहणारं ते झाड, पाइनसारख्या सुईदार पानांचं, पण थंडीच्या तोंडावर अख्खं सोनेरी होणारं आणि मग सगळ्या सुया गाळून निवांत झोपी जाणारं. ऑरिनचं मेपलच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. रस आटायला लागला, वाफ छतापर्यंत चढली, की त्या वाफेत त्याला ते झाड दिसे आणि झाडाखाली खेळणारं एक मूल. मुलगा की मुलगी, ते वाफेमुळे नीट दिसत नसे.

नेमकं तेच त्याच्या बायकोला, डेलियाला, जाणून घ्यायचं होतं.

"मुलाचं नाव आहे का मुलीचं?" दिवस भरत आलेली डेलिया खुर्चीतून उठायचा नाद सोडत म्हणाली.

"झाडाचं."

"मला झाड होणार नाहीये, ऑरिन!"

"अगं, दोघांनाही शोभेल."

"दोघांना शोभणारं कुणालाच शोभत नाही. एक काय ते सांग, मला पटव, मी हो म्हणते. पण बाळ होईपर्यंत नाव कुणाच्या कानावर जाता कामा नये हं! लोकांना कळलं की प्रत्येकाला मत फुटतं."

यातलं 'हो म्हणते' एवढंच ऑरिनच्या डोक्यात शिरलं.

मार्चमध्ये ईस्ट हार्लोची गावसभा भरली. व्हरमाँटच्या डोंगरातल्या त्या गावात पूल असो, शाळा असो, नाहीतर मोकाट कुत्री असोत, सगळ्याचा निकाल याच सभेत लागायचा. डेलिया तळघरातल्या स्वयंपाकघरात गावजेवणाच्या बीन्स ढवळत होती. वर हॉलमध्ये स्टोव्ह छान तापला होता, रस्त्यावरच्या खडीवर चर्चा चालली होती, आणि ऑरिनचे डोळे जड झाले. खडी विरघळली, भिंती विरघळल्या. सोनेरी सुया अलगद खाली येऊ लागल्या, एका इवल्याशा टोपीवर, एका इवल्याशा नाकावर...

"आणखी कुणाला काही मांडायचंय?" सभेचे अध्यक्ष व्हर्न यांनी विचारलं.

ऑरिन उभा राहिला! का, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. आयुष्यभर सगळं इथंच ठरताना पाहिलं होतं, तेव्हा हेही इथंच ठरेल, असं त्या गुंगीत वाटलं असावं.

"एका मित्राचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "टॅमरॅक हे नाव मुलाला शोभतं की मुलीला?"

सगळ्या माना ऑरिनकडे वळल्या. गावात गरोदर बाई एकच होती, आणि ती या क्षणी सगळ्यांच्या पायाखाली पळी फिरवत होती.

"मित्राला आमच्या शुभेच्छा सांग हो," पहिल्या रांगेत विणत बसलेल्या अल्माकाकू म्हणाल्या.

"हा ठराव समजायचा का?" व्हर्न.

"नाही, नाही, मी आपलं सहज..."

"अनुमोदन!" मागून कुणीतरी ओरडलं.

झालं! अनुमोदन मिळालं म्हणजे चर्चा आलीच. रस्त्यांचं काम बघणारा डॉनी तावातावानं उठला. "मुलाचं नाव! टॅमरॅकचे खांब दलदलीत पुरा, आपण कुजू, पण ते कुजायचे नाहीत!"

"खांब कसले पुरतोस मेल्या!" अल्माकाकूंनी सुया खाली ठेवल्या. "वर्षातून एकदा सोन्यानं मढतं ते झाड. मुलगीच ती!"

"आणि मग टक्कल पडतं त्याला! टक्कल कुणाला पडतं, काकू?"

सगळ्यांनी व्हर्नकडे पाहिलं. व्हर्ननी टोपी घातली. "अध्यक्षांच्या डोक्यावर चर्चा नको."

"यानं घरपट्टी वाढणार का?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"नाही."

"मग माझी कशालाच हरकत नाही."

कुणी दुरुस्ती सुचवली, मुलगी झाली तर बर्च ठेवावं, तेही झाडच. त्या दुरुस्तीला आणखी एक दुरुस्ती आली. "मी मागे घेतो!" ऑरिन काकुळतीला येऊन म्हणाला. पण चर्चेला आलेला ठराव सभेच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, आणि सभेला आता रंग चढला होता. खरं सांगायचं तर, एवढ्या तोंडांतून ते नाव ऐकताना ऑरिनलाही आतून फार गोड वाटत होतं.

"मुलाचं म्हणणाऱ्यांनी होय म्हणा!"

"होय!" हॉलच्या काचा थरथरल्या.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, जड. हातात पळी घेऊन डेलिया दारात उभी राहिली.

"कसलं मतदान?"

अल्माकाकूंना गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं. "टॅमरॅक मुलाचं ठरलं, बाई. मी विरोधात होते."

डेलियानं ऑरिनकडे पाहिलं. ऑरिननं बुटांकडे पाहिलं.

"आज घरी गेल्यावर मी याला हो म्हणणार होते," ती सगळ्या गावाला म्हणाली. "मुलगा होवो की मुलगी. मलासुद्धा आवडायला लागलं होतं ते नाव."

ऑरिननं बुटांवरची नजर झटकन वर उचलली.

"पण आता गावानं ठरवलंय ना, मुलाचं? मग मुलगी झाली तरच टॅमरॅक! मुलगा झाला तर मेले तरी गावाच्या मतानं नाव ठेवणार नाही!"

"अनुमोदन," अल्माकाकू म्हणाल्या.

हा ठराव एकमतानं मंजूर झाला. ऑरिननंही होय म्हटलं. पळी अगदी जवळ होती.

त्यानंतर वाफेत त्याला फक्त मुलगीच दिसू लागली. सोनेरी केस, सोनेरी सुया, आणि वर सगळ्या गावाची जिरवल्याचा आनंद. एप्रिलमध्ये बाळ झालं. मुलगा! दणकट, आणि डोक्यावर एक केस नाही. डॉनीनं रस्त्यात गाडी थांबवून हॉर्न वाजवला. डेलियानं बाळाला आपल्या वडिलांचं नाव ठेवलं, फ्रँक.

मे महिन्यात ऑरिन त्याला घेऊन दलदलीच्या काठी गेला. टॅमरॅकला नुकती हिरवी लव फुटली होती. ऑरिननं त्या उबदार गाठोड्याकडे पाहिलं, आणि इतकी माया दाटून आली की आयुष्यात आणखी काही हवं आहे असं त्याला वाटेना. एकच सोडून. इकडे तिकडे बघून त्यानं बाळाच्या कानात हळूच म्हटलं, "टॅमरॅक."

बाळानं असं भोकाड पसरलं की पाण्यातली बदकं उडाली! ऑरिननं गाणं म्हटलं, झुलवलं, झाड दाखवलं. रडणं थांबेना.

"बरं बाबा," तो शेवटी कुजबुजला. "फ्रँक."

फ्रँक लगेच गप्प झाला.