नवाबभाऊंनी भाजलेली रोमन मडकी

"आग माह्यावर सोड," नवाबनं बायकोला सांगितलं. "वीजकेंद्राचा बॉयलर सांभाळतो मी. तुह्या भट्टीचं काय घेऊन बसली?"

बायको नाहीद चंद्रपूरला कॉलेजात इतिहास शिकवायची. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कुंभार भांडी कशी भाजत, ते प्रदर्शनात दाखवायचं म्हणून तिनं वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरमागे भट्टी रचली होती. खाली जाळ, वर भोकं पाडलेला मातीचा तळ, त्यावर मडकी आणि वरून घुमट. उत्खननाचे नकाशे पाहत ती महिनाभर चिखलात बसली होती. नवाब येणाऱ्याजाणाऱ्याला धरून भट्टी दाखवायचा, जशी काही ताडोब्यातली वाघीणच!

"हळूहळू तापवा," बजावून नाहीद कॉलेजला गेली.

पण भट्टी नुसती धुमसत होती. नवाबला राहवलं नाही. त्यानं घरातल्या कूलरचा पंखा काढून भट्टीच्या तोंडाशी लावला. जाळ घुमटाबाहेर आला आणि आतून फटाफट आवाज सुरू झाले.

शेजारचे घनश्यामभाऊ कुंपणावरून डोकावले. "फटाके काऊन फोडून राह्यले? लगन हाय का?"

"मडकी हायेत, भाऊ."

"मडक्यात? म्हणजे बिर्याणी!"

संध्याकाळी नाहीद परतली तेव्हा अंगणात निम्मी कॉलनी इस्त्रीचे कपडे घालून बसली होती आणि काजळी माखलेला नवाब सगळ्यांना चहा देत होता.

सकाळी भट्टी निवल्यावर घुमट फोडला. आत एकही मडकं धड नव्हतं. काही फुटलेली, काही वितळून एकमेकांच्या गळ्यात पडलेली. सगळ्यांचा मिळून एक काळा गोळा झाला होता. नवाबची मान वर होईना.

"नाहीद, मले माफ कर."

नाहीद गोळ्यावरून हात फिरवत होती. "रोमन कुंभारांची चांगली मडकी विकली जात. बिघडलेली भट्टीपाशीच फेकून देत. खोदताना असेच गोळे सापडतात, त्यावरूनच कळते इथी भट्टी होती. हुबेहूब जमलं तुम्हाले."

प्रदर्शनात लोक गोळ्याभोवतीच गोळा झाले. नवाब कडक इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभा राहिला आणि कोणी विचारलं की म्हणायचा, "मीच भाजला."

शेवटी गडचिरोलीच्या एका कॉलेजातून आलेल्या बाईंनी आपल्या कॉलेजासाठीही असाच गोळा मागितला. नाहीद नवाबकडे वळली.

"पुढच्या भट्टीलेही आग तुम्हीच लावा. माह्यानं इतकं बिघडवणं होत नाई."