जावयाचं लिव्हर

अनुश्रीने माहेरी फोन लावला तो एवढंच सांगायला, की अधिक महिन्याचं वाण खुशाल द्या, पण जावयाला धोंडे वाढू नका.

"काहून बाई?" कुरुंद्याहून तिची आई प्रेमाबाई म्हणाली. "धोंडे न्हाई तर धोंड्याचा महिना कशाला म्हणायचं?"

"अगं, यांच्या लिव्हरवर चरबी चढलीय. डॉक्टर म्हणाले, आत्ता आवरलं तर उतरेल, न्हाई तर पाठोपाठ शुगर होते. ती आत्ताच काठावर आहे. एकतिसाव्या वर्षी, आई. देवश्री अजून बालवाडीतबी न्हाई."

पहिल्या वाक्यानंतरचं प्रेमाबाईने ऐकलंच नव्हतं. कुरुंद्यात आजवर लिव्हर बिघडलं ते फक्त पिणाऱ्यांचं. बाकीच्यांनाही लिव्हर असतं, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

"झाकून ठेव बाई," ती हळूच म्हणाली आणि लगेच तिने भावाला, वैजनाथला, फोन लावला.

जेवणाच्या दिवशी जावई हिंगोलीहून येऊन उतरतात न उतरतात, तोच वैजनाथमामांनी त्यांचा हात धरला आणि हळदीच्या रानाला दोन फेरे घालून आणले. नचिकेत घामाने निथळत परतला. गळ्यात तुळशीची माळ.

"ही काय?" अनुश्रीने विचारलं.

"मामांनी घातली. म्हणाले, आता शिवायचं नाही. मी बरं म्हटलं. मला वाटलं, तुमच्याकडची रीत असेल."

ताटात ज्वारीची भाकरी, मेथी आणि कारलं. आई आपलं ऐकते, हे अनुश्री जन्मात पहिल्यांदा पाहत होती. ती सुखावली. तेवढ्यात प्रेमाबाईने डोळ्याला पदर लावला.

"जावईबापू, लेकराकडं बघून सोडा."

"सोडलंय, आई. जिलेबी समोरून गेली तरी बघत नाही."

"चकण्याचं न्हाई इचारून राहिलो," मामा म्हणाले. "दारूचं बोला."

नचिकेतचा घास गालातच राहिला. खोकल्याचं औषधही तो नाक दाबून प्यायचा.

"मामा, दारूच्या वासानंच ओकतात ते," अनुश्री लालबुंद होऊन म्हणाली. "न पिणारालाबी होतं हे. गोड, तळेल खाऊन नुसतं बसून राहिलं की होतं."

"म्हंजे पीत न्हाईत?"

"थेंबभर न्हाई."

प्रेमाबाईचा चेहरा उजळला. "मंग आधी न्हाई का सांगायचं, माय." ती लगबगीने आत गेली आणि झाकून ठेवलेलं पातेलंच घेऊन आली. पुरणाने टम्म फुगलेले धोंडे ताटात पडले. मामांनी वर तुपाची वाटी उपडी केली. "खा जावईबापू. उगं जीव टांगणीला लावला आमचा."

नचिकेतच्या चेहऱ्यावर दिवाळी. अनुश्रीने तुपाच्या ओघळाकडे पाहिलं, नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं, त्या पोटाला टेकून बसलेल्या देवश्रीकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"आई, तुझ्यापासून काय लपवायचं? घेतात ते. कधीमधी."

ताट उचललं गेलं. नचिकेतचा हात तसाच हवेत.

दिवाळीपर्यंत रोजच्या चालण्याने वजन उतरलं, साखर काठावरून मागे सरकली, सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनी पाठ थोपटली. अनुश्रीने आनंदाने आईला कळवलं. दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन.

"जावईबापू, दारूबंदीच्या सभेत तुमचा सत्कार ठेवलाय. दोन शब्द अनुभवाचे बोला."

नचिकेतने माळेवरून हात फिरवत बायकोकडे पाहिलं. "काय बोलू आता?"

"खरं तेच सांगा. सोडताना लई जड गेलं म्हणा. अजून आठवण येते म्हणा."

"येतेच," नचिकेत सुस्कारा टाकून म्हणाला.

"बस. कशाची, ते तेवढं सांगू नका."