साळूमावशी बारा, धोंडू सोळा

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येक प्राण्याच्या पाठीवर चुन्याने एक आकडा लिहिलेला असे. आकडे वाटायचे बगळेशास्त्री.

एकदा शास्त्रीबुवांनी ठरवलं, की एका बिळात दोघांना राहायचं असेल तर आधी मैत्री सिद्ध झाली पाहिजे. रीत सोपी होती. आपल्या आकड्याला ज्या ज्या लहान आकड्यांनी पूर्ण भाग जातो, त्यांची बेरीज करायची. ती दुसऱ्याच्या आकड्याइतकी आली पाहिजे, आणि दुसऱ्याची आपल्याइतकी. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात. हे मात्र खरं आहे, तुमच्या गणिताच्या बाईंना विचारा.

शास्त्रीबुवांचा स्वतःचा आकडा सहा. एक, दोन आणि तीन मिळवले की पुन्हा सहाच. त्यामुळे ते स्वतःचेच मित्र होते. दुसरं कोणी नव्हतंही.

जांभळीखालच्या बिळात साळूमावशी आणि धोंडू ससा राहत. साळूमावशी म्हणजे साळिंदर. तिला ऐकू कमी येई. धोंडूला कान होते, पण अंगात धमक नव्हती. बिबट्याची चाहूल धोंडू घ्यायचा आणि काटे मावशी फुलवायची. वेगवेगळे राहिले असते तर दोघंही कधीच बिबट्याच्या पोटात गेले असते.

मावशीचा आकडा बारा, धोंडूचा सोळा. शास्त्रीबुवांनी वाळूत चोच चालवली.

"एक, दोन, तीन, चार, सहा. झाले सोळा. मावशी, तुम्ही धोंडूच्या मित्र आहात."

धोंडू खुलला.

"आता तुझं. एक, दोन, चार, आठ. पंधरा. तू मावशींचा मित्र नाहीस. बारा हवे होते, तीन जास्त झाले."

"अहो शास्त्रीबुवा, सात वर्षं एकत्र राहतोय आम्ही," धोंडू म्हणाला. "तीन सोडून द्या ना."

"गणितात काही सोडून देत नाहीत. उद्या बीळ सोडा."

धोंडूने मावशीच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं.

"तीनच ना?" मावशी म्हणाली. "मग होतील की कमी. एवढी घाई कसली?"

मला इथे तिचं फार वाईट वाटतं.

सगळं जंगल तपासून एकच जोडी निघाली. दोनशे वीस आणि दोनशे चौऱ्याऐंशी. बेरीज इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, अगदी चोख. शास्त्रीबुवांनी जांभळीखालचं बीळ त्यांना देऊन टाकलं.

दोनशे वीस होता नाग. दोनशे चौऱ्याऐंशी होतं मुंगूस.

दुसऱ्या दिवशी दोघं बिळापाशी आले ते दहा हात अंतर ठेवून. धोंडू मावशीला घेऊन निघालाच होता.

"धोंडूभाऊ, जाऊ नका," नाग म्हणाला.

"आमचे तीन जास्त आहेत हो."

"आमचं सगळं बरोबर आहे," मुंगूस म्हणालं. "त्याचीच तर भीती वाटते."

मग मावशी मधोमध झोपू लागली. एका बाजूला नाग, दुसऱ्या बाजूला मुंगूस. मधे काटे. धोंडू दाराशी बसून एक कान बाहेर आणि एक कान आत लावू लागला.

महिन्याने शास्त्रीबुवा तपासणीला आले. नाग जिवंत, मुंगूसही जिवंत. शास्त्रीबुवांना पंख आवरेनात.

"पाहिलंत? आकडे जुळले की मैत्री टिकते," ते म्हणाले. मग त्यांना मधे घोरणारी मावशी आणि दाराशी धोंडू दिसला. "आणि ही दोघं इथे कोण म्हणून?"

"आश्रित आहेत," नाग म्हणाला.

शास्त्रीबुवांनी तशी नोंद केली.

तात्पर्य: मैत्री गणितात बसणारीच करावी. मात्र ती टिकवण्यासाठी मधे झोपायला, ज्यांचे तीन जास्त होतात असं कुणीतरी घरात ठेवावं.