पर्यावरण दिनाचा धूर

गिरणीचे मॅनेजर लेलेसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार, हे ग्रंथपाल शिवलिंगप्पांना कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी कळलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी पाहुणा कोणी का येईना! पण त्यांचं वाचनालय होतं गिरणीच्या जुन्या गोदामात, अगदी फाटकासमोर. ती जागा परत घ्यायची की राहू द्यायची, हे लेलेसाहेब याच आठवड्यात ठरवणार होते. आणि वाचनालयाच्या दारावर टांगलेल्या भल्यामोठ्या चित्रात गिरणीची चिमणी भकाभका काळा धूर ओकत होती.

चूक तशी कोणाचीच नव्हती. अठ्ठ्याहत्तर सालचा जून. पर्यावरण दिन साजरा करा, त्या विषयावरची वाचनीय पुस्तकं मांडा, एखादं चित्र लावा, असं वरून पत्रक आलं होतं. पर्यावरण हा शब्दच तेव्हा नवा कोरा! शिवलिंगप्पांनी कपाटं पालथी घातली. झाडांवरचं, विहिरींवरचं, धुरावरचं अशी मोजकीच पुस्तकं हाती लागली. टेबल ओकंबोकं दिसतंय म्हणून त्यांनी एक रहस्यकथाही ठेवून दिली, कारण तिच्यातला खून आमराईत होतो. चित्र मात्र फक्कड जमलं होतं. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या तिप्पण्णानं त्यात जीव ओतला होता. चिमणीचा धूर, वठलेलं लिंबाचं झाड, पदरानं नाकतोंड दाबून उभी असलेली बाई, आणि खाली ठळक अक्षरांत 'उद्याचे सोलापूर असे हवे का?'

"तिप्पण्णा, तेवढा धूर पुसून टाक बाबा."

"का वो अण्णा? लई मेहनत हाय त्यात. डबाभर काळा रंग गेलाय."

"अरे, लेलेसाहेबांचा धूर लेलेसाहेबांनाच दाखवायचा? जागा जाईल की हातची! एवढी पुस्तकं काय मी डोक्यावर घेऊन फिरू?"

तिप्पण्णा कुरकुरत शिडीवर चढला आणि धुराच्या जागी निळंभोर आभाळ आलं. शिवलिंगप्पांना मनापासून वाईट वाटलं. धूर गेला आणि चित्रातला जीवच गेला. पण जागा वाचली, म्हणून ते घरी जाऊन निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी सुटली, कामगार फाटकाबाहेर आले आणि चित्रासमोर थबकले. चिमणीतून धूर निघाला नाही तर घरातली चूल पेटत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"येडू, हिकडं बघ! चिमणी थंड हाय."

"आन् बाई बी रडतीया की, तोंडाला पदर लावून."

"उद्याचे सोलापूर... म्हंजी उद्यापास्नं बंद?"

"तर काय! वाचनालय गिरणीच्या जागेत हाय. आतली बातमी असल्याबिगर लावतील व्हय?"

शिवलिंगप्पा धावतच बाहेर आले. "अवो, ती रडत न्हाई! तिला ठसका लागलाय."

"धूर न्हाई, तर ठसका कशाचा?" येडूनं विचारलं.

शिवलिंगप्पांनी कपाळावर हात मारला.

"अवो, हा पर्यावरणाचा कार्यक्रम हाय."

"पर्यावरण म्हंजी टाळेबंदी व्हय?"

झालं! बघता बघता रस्ता माणसांनी भरला. पुढच्या पाळीचा भोंगा झाला, तरी एक माणूस आत जाईना. लेलेसाहेब पांढराशुभ्र बुशशर्ट घालून भाषण करायला निघाले होते, ते थेट या गर्दीत सापडले. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग शिवलिंगप्पांकडे.

"माझी चिमणी थंड पाडायला तुम्हाला कोणी सांगितलं? आधी धूर रंगवा! आत्ताच्या आत्ता!"

तिप्पण्णाची कळी खुलली. शिडीवर चढून त्यानं पहिला काळा फटकारा मारला आणि कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

"आनखी येऊ दे!"

"लई बारीक हाय, जाड कर!"

"वरपर्यंत जाऊ द्या," खुद्द लेलेसाहेब म्हणाले, "गिरणी जोरात चालू आहे!"

आभाळ गेलं, झाड गेलं, धूर चौकटीपर्यंत पोचला. कामगारांचा जीव भांड्यात पडला आणि ते हसत फाटकात शिरू लागले. कार्यक्रमाची सुरुवात म्हणून चित्राला हार घालायचं ठरलं होतं. लेलेसाहेबांनी हात उंचावले आणि वरून ओल्या धुराचा ओघळ टपटप त्यांच्या बुशशर्टवर उतरला.

"अहो, हा धूर जरा जास्तच झाला!" साहेब किंचाळले.

कालपासून शिवलिंगप्पा सगळं निमूट सोसत होते. त्यांना राहवलंच नाही.

"व्हय साहेब. आजचा कार्यक्रम त्याच्याबद्दलच हाय की."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. गेली जागा! उद्या पुस्तकं रस्त्यावर! लेलेसाहेबांनी रुमालानं शर्ट पुसायला घेतला, तर डाग आणखीच पसरला.

"आमची बायको रोज हेच सांगते," ते हळूच म्हणाले. "आज तर शर्टच बघेल. धुराबद्दल काही वाचायला आहे का तुमच्याकडे?"

"हाय की!" शिवलिंगप्पांनी टेबलावरचं धुराचं पुस्तक झडप घालून उचललं.

साहेबांनी ते काखेत मारलं आणि दोन पावलं जाऊन वळले.

"शिवलिंगप्पा, हे परत आणून द्यायचं ते इथंच ना? मला सावकाश वाचायची सवय आहे. तोवर वाचनालय हलवू नका."