बिडाची खुर्ची

लग्नाला जाताना लोक आहेर घेऊन जातात. आमचे अण्णा खुर्ची घेऊन जायचे.

साधी नाही, बिडाची. म्हणजे ओतीव लोखंडाची, स्वतःच्या फाउंड्रीत ओतून घेतलेली. पाय, पाठ, हात सगळं बीड. बसायला तेवढी सागवानी फळी. उचलायला दोन माणसं लागायची आणि त्यातला एक कायम मी. दुसरा जो सापडेल तो. कार्यालयाच्या दारात टेम्पो लागला की मी आधी आत डोकावून धडधाकट माणूस हेरायचो. नवरीचा मामा असला तरी सोडायचो नाही. मग यजमान धावत यायचे.

"अण्णा, हे काय ओ? आमच्यात खुर्च्या न्हाईत व्हय?"

अण्णा हात जोडायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य टाकायचे, "जेवण तुमचं, बसणं आमचं."

लोक हसायचे. अण्णाही हसायचे. त्यांचं हसू गळ्यापासून सुरू होऊन पोटापर्यंत पोचायला जरा वेळ लागायचा, आणि पोट थांबायला आणखी वेळ.

अण्णा म्हणजे माझे मालक. शिरोली एमआयडीसीत त्यांची लहानशी फाउंड्री, घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. वैनी, म्हणजे मालकीणबाई, जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक पद्मा निपाणीला दिलेली. मी त्यांचा टेम्पो चालवतो. टेम्पो म्हणजे ज्याला लोक छोटा हत्ती म्हणतात तो. अण्णा पुढच्या सीटवर बसले की पेठेतली मंडळी ओरडायची, "छोट्या हत्तीत मोठा हत्ती!" आणि अण्णा खिडकीतून हात काढून आशीर्वाद द्यायचे.

मी पहिल्यांदा फाउंड्रीच्या दारात उभा राहिलो तेव्हा अण्णांनी विचारलं होतं, "कुठलं पावणं?"

म्हटलं, "बीडचा."

ते असे हसले की मला वाटलं काम गेलं. आठवीतून शाळा सोडलेला माणूस मी, कोण हसलं की आधी माझी चूक शोधतो. अण्णा डोळे पुसत आत ओरडले, "आरं ऐकलासा काय! आमच्यात बीड टनानं येतंय, पर चालत आलेलं ह्ये पयलंच!" तेव्हापासून माझं नावच बीड पडलं. आधार कार्डावरचं नाव आता फक्त गावाकडं आईच घेते.

त्यांनी मला घरामागची खोली दिली आणि जेवायला स्वतःच्या पंक्तीला घेतलं. परगावात राहिलेल्या माणसाला विचारा, "जेवलास का" असं रोज विचारणारं कोणी असणं म्हणजे काय ते. मला मात्र रोज वाटायचं, उद्या हे बंद होणार. अजूनही वाटतं.

अण्णा जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. हा नियम त्यांनी उभ्या जन्मात मोडला नाही, फक्त त्याचा फायदा घेतला. "रात्रभर उपाशीच ऱ्हायाचं हाय की," असं म्हणत ते दुपार उतरल्यापासून सूर्याशी शर्यत लावायचे. भाकरी, झुणका, दही, शेंगदाण्याची चटणी, वर खपली गव्हाची खीर. मी हात धुवायला उठलो की दरडावायचे, "बस खाली. दिस हाय अजून."

या सगळ्याचं व्हायचं तेच झालं होतं. दवाखान्याच्या काट्यावर ते मावत नसत, म्हणून आम्ही भंगार तोलायच्या काट्यावर जायचो. "टनात सांग, किलोत नगं," म्हणायचे. बूट मी घालायचो त्यांना. वाकता येत नसे. झोपायचे बसूनच, कारण आडवं पडलं की श्वास अडकायचा. लोकांना त्यांचं पोट दिसायचं, मला गुडघ्यांचा आवाज ऐकू यायचा. आणि या सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर होतं, कारखान्यातलं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा करताना माप थोडं जास्त धरतात. त्याला फाउंड्रीत श्रिंकेज धरणं म्हणतात. अण्णा म्हणायचे, "देवानं माझं श्रिंकेज लई धरलं, आणि मला थंड करायचं इसरला."

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा माल जायचा. माल उतरला की अण्णा टेम्पोत बसून हायवेकडं बघत राहायचे. तिथून निपाणी अर्ध्या तासावर. मी गाडी चालू करून वाट बघायचो, आणि ते म्हणायचे, "फिरीव गाडी." दर वेळी तेच. एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, ताईकडं जाऊन यायचं का?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीच्या घरी गेले, तेव्हा व्याह्यांनी नव्या सोफ्यावर बसवलं. चहा यायच्या आत सोफ्याचे पुढचे पाय गेले. अण्णा जमिनीवर, आणि त्यांना उठवायला शेजारून चार माणसं बोलवावी लागली. व्याही भले, "असूंद्या पावणं, सोफाच हलका हुता" म्हणाले. पण आतल्या खोलीत बायका हसल्या. आणि त्या हसण्यात पद्मा मान खाली घालून उभी होती.

"पोरीला माझ्यापायी मान खाली घालाय लागली," अण्णा म्हणाले. "त्या उंबऱ्यात परत न्हाई."

कोल्हापूरला येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते ही खुर्ची ओतून घ्यायचं. लग्नकार्यात ती न्यायचे, पण निपाणीला नाही. लेकीच्या सासरी आपली खुर्ची घेऊन जायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा मान खाली घालायला लावायची, असा त्यांचा हिशेब. पद्माताई फोनवर सारखी म्हणायची, "या की अण्णा. बसायची सोय केलीया." फोन ठेवला की अण्णा मला म्हणायचे, "सोय म्हंजे काय? भुईवर सतरंजी. एकदा बसलो की क्रेन बोलवा."

मी म्हटलं, "अण्णा, थोडं नमतं घ्या की."

त्यांनी खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. "बीड वाकत न्हाई लेका. तडकतं."

डॉक्टर कधीपासून ऑपरेशनचं सांगत होते. पोट लहान करायचं. अण्णा म्हणायचे, "कापून शिवायला मी काय बारदान हाय?" पण एक दिवस फोनवर नात आली. नुकतीच बोलायला शिकलेली, तिकडच्या कानडी वळणानं आजोबांना अज्जा म्हणणारी. तिनं विचारलं, "अज्जा, तुमाला चालता येत न्हाई?"

त्या दिवशी दिस मावळला तरी अण्णा ताटावर बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बीड, डॉक्टरला फोन लाव."

ऑपरेशनला आत जाताना ते हसत होते आणि बाहेर मी घामाघूम. पद्माताई येऊन राहिली दवाखान्यात. ती चमच्यानं पाणी पाजायची, ते घोट घोट प्यायचे. डॉक्टरनी सांगितलं, पोट आता केळ्याएवढं राहिलंय. अण्णांनी विचारलं, "कुठलं? जवारी का वसई?"

पुढचे महिने मात्र हसायचे नव्हते. आधी नुसतं पाणी आणि ताक, मग पातळ डाळ, मग वाटीभर मऊ भात, तोही चावून चावून. घाई झाली की उलटी. एकदा माझ्या ताटातला भाकरीचा पापुद्रा त्यांनी उचलला आणि दोन घासात गिळला. मग मोरीशी बसून राहिले, मी पाठ चोळत होतो. म्हणाले, "पोट कापलंया रं. जीभ कुठं कापलीया?"

वजन उतरत गेलं. श्वास मोकळा झाला, शुगरच्या गोळ्या कमी झाल्या, बूट स्वतः घालायला लागले. पहिल्या दिवशी दोन्ही बूट घालून पेठेत एक चक्कर मारून आले, आणि आल्यावर काढून परत घातले. पण केस गळाले, दंडावरची कातडी लोंबायला लागली, जुन्या सदऱ्यात दोन अण्णा मावतील असे झाले. पेठेत आता कोण हत्ती म्हणत नव्हतं. त्याऐवजी हळू आवाजात मला बाजूला घेऊन विचारायचे, "मोठं दुखणं हाय व्हय रं?" अण्णांना ते ऐकू जायचं.

मग एक लग्न आलं. अण्णा म्हणाले, खुर्ची नको. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मी भीतीनं मागं उभा राहून खुर्चीची पाठ धरून ठेवली. "सोड की, वाकडं दिसतंय," ते म्हणाले. ताट आलं. चार चमचे खाल्ले आणि हात थांबला. यजमान वाढायला आले, तसेच उभे राहिले.

"अण्णा, रुसलासा काय? काय चुकलं आमचं?"

अण्णांनी हात जोडले. "बसणं तुमचं," म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. शेवटी माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्याला वाढा."

तेव्हापासून हेच. दिस मावळायच्या आत मला समोर बसवायचे आणि मी जेवत असताना बघायचे. "खीर कशी झालीया? गूळ लागतोय? सावकाश सांग." इतकी वर्षं ज्याच्या पंक्तीला सुखानं जेवलो, त्याच्यासमोर जेवताना चोरी केल्यासारखं वाटायचं. पण नाही म्हटलं तर त्यांचं तेवढंही जेवण बुडायचं.

आणि निपाणी? ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तिथं जायचं नाव नाही. "जरा आणिक उतरूंदे." मग, "जरा अंग भरूंदे, पोरगी भ्येईल." कागलला माल उतरायचा, ते हायवेकडं बघायचे. "फिरीव गाडी."

गेल्या थंडीत एका दुपारी असाच माल उतरला. मी गाडी वळवायला लागलो, आणि अण्णा म्हणाले, "सरळ घे."

मी गियर टाकला. आरशातून सारखा मागं बघत होतो, कारण ताडपत्रीखाली मी बिडाची खुर्ची ठेवली होती. त्या लग्नाला मी ती अण्णांच्या नकळत चढवली होती, तेव्हापासून ती माझ्या गाडीतून उतरलीच नव्हती. मला प्लॅस्टिकचा भरवसा नाही.

पद्माताईनं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. आत सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, खुर्च्या होत्या, दिवाण होता, आणि भिंतीकडेला एक बाक. बाभळीच्या जाड फळ्यांचा, पायांना लोखंडी पट्ट्या मारलेला, दोन माणसांच्या रुंदीचा, पण पाठ आणि हात असलेला. म्हणजे खुर्चीच. वर धुतलेली चादर घातलेली, तिला सुरकुती नाही.

नात पुढं झाली. "अज्जा, तिथं तुमीच बसायचं. आमाला बसलं की मम्मी वरडती."

अण्णांनी लेकीकडं बघितलं.

"सोफा मोडला त्याच महिन्यात करून घेतला," पद्माताई म्हणाली. "तुमचा जुना सदरा माझ्याजवळ हुता, त्यो सुताराला दिला मापाला. सांगितलं हुतं की, सोय केलीया म्हणून."

अण्णा बसले. बाक जरासुद्धा कुरकुरला नाही. ते एका कडेला, आणि उरलेली सगळी फळी मोकळी. त्यांनी त्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत होते.

"चहा नगं?" ताईनं विचारलं. "मग जेवूनच जावा. दिस हाय अजून."

अण्णा गडबडीनं उठले. "नगं नगं. आमचं झालंया." झालेलं काहीच नव्हतं. मला कळलं आणि वाईट वाटलं. एकदा जास्त वजनानं लाज आली होती, आता लेकीनं वाढलेलं ताट तसंच सोडायची लाज. ताई दारापर्यंत आली, आणि मान खाली घालून उभी राहिली.

परतीला कागल जवळ आलं तेव्हा अण्णा म्हणाले, "पोरीनं सदरा अंथरून माप घेतलं रं. आणि मी सतरंजी समजलो. थोडं वाकाय पायजे हुतं."

पुढं एमआयडीसीचा फाटा दिसला. डावीकडं उसाच्या शेंड्यांवर सूर्य आला होता, पण होता.

"दोन घास तर जात्यात की," अण्णा स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "बीड, फिरीव गाडी."

मी गाडी वळवली. मागं ताडपत्रीखाली बीड घसरून फाळक्यावर आदळलं, मोठा आवाज झाला. अण्णांनी मागं वळून बघितलं, मग माझ्याकडं. आता शिव्या बसणार म्हणून मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"आणलीयास व्हय," ते म्हणाले. "बरं झालं. तिच्यावर तू बस. आणि जरा दाब की गाडी, दिस मावळाय लागलाय."