जुन्या ट्रॅक्टरच्या नऊ फेऱ्या

हेडक्लार्कसाहेबांनी एवढंच ठरवलं होतं, की आज आपण गप्प बसायचं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण घरात एकही वस्तू त्यांच्या पसंतीने आली नव्हती (ते स्वतःसुद्धा सासऱ्यांच्या पसंतीचे!). बायको शेत सांभाळायची, साहेब फायली. म्हणून जुना ट्रॅक्टर बघायला दोघं विक्रेत्याच्या आवारात शिरले, तेव्हा "मी चालवून बघतो," असं साहेबच आधी म्हणाले.

"जमेल ना?" बायकोने विचारलं.

"त्यात काय!"

जवळ गेल्यावर त्यांनी ट्रॅक्टर खालपासून वरपर्यंत न्याहाळला. मागचं चाक थेट त्यांच्या खांद्याला लागत होतं! एवढं अजस्र धूड आपल्या हुकमात येणार, या कल्पनेनेच त्यांचा ऊर भरून आला. विक्रेत्याने इंजिन सुरू करून गिअर टाकून दिला आणि साहेब निघाले.

पहिली फेरी झोकात झाली. मग थांबायचं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर चालूच! किल्ली काढून खिशात टाकली, तरी चालूच! (असा एखादा कारकून ऑफिसात असता तर!) ब्रेक शोधायला गेले, तर पेडल दोन, मागच्या प्रत्येक चाकाला वेगळं. एक दाबताच ट्रॅक्टर गर्रकन वळला. साहेबांनी कानाला खडा लावला आणि पुन्हा कशालाही पाय न लावता, दगडासारख्या चेहऱ्याने गोल गोल फिरत राहिले.

विक्रेत्याची चुळबूळ सुरू झाली. तिसऱ्या फेरीला तो ओरडला, "कळलं साहेब, गिअरबॉक्स जरा कुरकुरतो!"

पाचव्या फेरीला म्हणाला, "बरं बाबा, टायर बदलावे लागतील!"

सातव्या फेरीला त्याला घाम फुटला. "वहिनी, इंजिन एकदा पूर्ण उघडून बसवलंय, हेसुद्धा ओळखलं यांनी! असा पारखी जन्मात बघितला नाही. भावाचं बघू आपण, पण आधी यांना उतरवा."

नवव्या फेरीला बायको शांतपणे ट्रॅक्टरच्या बाजूने चालत आली, हात वर केला आणि इंजिन बंद करायची दांडी ओढली. ते धूड जागच्या जागी गप्प झालं. साहेब थक्क होऊन बघतच राहिले. त्या चाकापेक्षा त्यांना तीच मोठी दिसायला लागली.

"तुला माहीत होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहिल्या फेरीपासून."

"मग आधी का नाही थांबवलंस?"

"अहो, तो खरं बोलायला लागला होता ना! आता उतरा. चेहरा मात्र असाच ठेवा, भाव ठरायचाय अजून."

साहेबांनी मान डोलावली. तसाही तो चेहरा संध्याकाळपर्यंत बदलणार नव्हता.